एकाच खिडकीत किती सेवा?

दाखल्यापासून विम्यापर्यंत आणि व्यवसाय नोंदणीपासून रेल्वे तिकिटापर्यंत सर्व काही एकाच ठिकाणी देण्याची चढाओढ सरकारी व खासगी ऑनलाइन सेवांमध्ये लागली आहे. मात्र यादी लांबली म्हणजे सोय वाढली, असे नाही. दौंड तालुक्यातील राहूसारख्या ऊस आणि गुऱ्हाळांच्या पट्ट्यातून या प्रश्नाकडे पाहिले, तर सेवांची व्याप्ती ठरवण्याचा निकष कोणता असावा, हे अधिक स्पष्ट होते.

राहू (ता. दौंड) : राज्य सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईत 'मेटा' या कंपनीशी करार करून 'आपले सरकार'च्या सुमारे पाचशे सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर देण्याची घोषणा केली. त्याच वर्षी सेवा केंद्रांतील दाखल्यांचे शुल्क २० रुपयांवरून ५० रुपये करण्यात आले. उद्योगांसाठी 'मैत्री' कक्षाची एक खिडकी आहे आणि तिला २०२३ च्या स्वतंत्र कायद्याचा आधार आहे. केंद्र सरकारच्या सामाईक सेवा केंद्रांची (सीएससी) यादी तर दाखले, विमा, बँकिंग, कायदेविषयक सल्ला आणि किराणा मालाच्या विक्रीपर्यंत पोचलेली आहे. या सर्व घोषणांमध्ये एक समान धागा आहे. सेवांचा आकडा जितका मोठा, तितके यश मोठे, असे त्यात गृहीत धरले जाते. ते तपासून पाहण्याची वेळ आता आली आहे.

राहू बेटाची गरज

मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या मधला राहू परिसर 'राहू बेट' म्हणून ओळखला जातो. तालुक्याचे ठाणे दौंड, परंतु हा भाग तालुक्याच्या पश्चिमेला. भीमेपलीकडे शिरूर तालुका सुरू होतो. ऊस हे येथील मुख्य पीक. पाटेठाणला श्रीनाथ म्हस्कोबा हा खासगी साखर कारखाना, पाटसला भीमा कारखाना आणि गावोगाव गुऱ्हाळे, असे या पट्ट्याचे अर्थकारण आहे. शेतमालाचा व्यापार केडगावच्या उपबाजाराशी जोडलेला आहे.

गुऱ्हाळ हा दिसायला साधा व्यवसाय. चरक, काहिली आणि चुलवाण एवढ्यावर तो उभा राहतो. परंतु कागदोपत्री तो साधा राहिलेला नाही. गूळ हा खाद्यपदार्थ असल्याने अन्न सुरक्षा नोंदणी किंवा परवाना लागतो. तो २०२० पासून 'फॉसकॉस' या पोर्टलवरून काढावा लागतो. सूक्ष्म उद्योग म्हणून लाभ घ्यायचा, तर १ जुलै २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी हवी. सुटा गूळ वस्तू व सेवा करातून मुक्त आहे. मात्र १८ जुलै २०२२ पासून वेष्टनबंद आणि लेबल लावलेल्या गुळावर पाच टक्के कर आला. म्हणजे गूळ उत्पादकाने ढेपेऐवजी एक किलोची पिशवी विकायचे ठरवले, की कर नोंदणीचा विचार आला आणि वैधमापन शास्त्र विभागाचे नियमही आले. धुराचा प्रश्न असल्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाचा संबंध येतो. केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतून ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळवायचे, तर प्रकल्प अहवाल आणि बँकेची मंजुरी हवी.

यापैकी प्रत्येक कामाचे पोर्टल वेगळे, प्रत्येकाचा परवलीचा शब्द वेगळा. दुसरीकडे, या गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर व मजूरही काम करतात. त्यांना गावी पैसे पाठवायचे असतात, रेल्वेचे तिकीट हवे असते, ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'ई-श्रम'वर नोंदणी करायची असते. शेतकऱ्याला सातबारा, पीक विमा आणि विजेचे बिल आहेच. त्यामुळे "सगळे एकाच ठिकाणी द्या" ही मागणी अवाजवी म्हणता येत नाही. एका कागदासाठी दौंडला किंवा पुण्याला जायचे म्हटले, तर दिवसाचा रोजगार बुडतो आणि एसटीचे भाडे वेगळे. रुंद खिडकीची गरज खरी आहे. प्रश्न आहे तो खिडकीमागे काय असावे याचा.

वारणेचा धडा

याच प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर महाराष्ट्रात पंचवीस वर्षांपूर्वी, तेही उसाच्याच पट्ट्यात मिळाले होते. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणा सहकारी समूहाच्या परिसरात १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडण्याची ही योजना होती. शेतीविषयक सल्ला, बाजारभाव, शिक्षण, रोजगाराची माहिती, जमिनीच्या नोंदी असे बरेच काही या संगणकांवरून मिळेल, अशी अपेक्षा होती. त्या काळात देशभर या प्रकल्पाचे कौतुक झाले.

प्रत्यक्षात शेतकऱ्यांनी ही केंद्रे मुख्यतः एकाच कामासाठी वापरली. उसाची नोंद, तोडणी, वजन, बिल आणि खतांची खरेदी, म्हणजे कारखान्याशी असलेला व्यवहार, एवढेच त्यांना हवे होते. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधकांनी याच भागातील सात गावांत एक प्रयोग केला. संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवला आणि उसाची माहिती लघुसंदेशाने देण्यास सुरुवात केली. तेवढ्याने शेतकऱ्यांचे काम भागले. विजेचा खोळंबा आणि संगणकाच्या दुरुस्तीचा खर्चही टळला.

यातून 'गावाला फार सेवा नकोत' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. उसाच्या वजनाची माहिती टिकली, कारण तिच्यामागे कारखाना उभा होता. नोंद त्याची, वजनकाटा त्याचा आणि पैसे देणाराही तोच. बाकीच्या सेवांमागे असा जबाबदार धनी नव्हता. माहिती जुनी झाली तर ती बदलणारा कोणी नव्हता आणि चुकली तर विचारायला जागा नव्हती. या सेवा यादीत होत्या, व्यवहारात मात्र उतरल्या नाहीत.

एकच काम, पण पुरते

याच्या उलट उदाहरण सातबाऱ्याचे. कर्नाटकाने २००१ च्या सुमारास 'भूमी' प्रकल्पातून सुमारे दोन कोटी जमीन नोंदी संगणकावर आणल्या आणि तालुक्याच्या ठिकाणी पंधरा रुपयांत उतारा देण्यास सुरुवात केली. सेवा एकच, परंतु ती लोकांच्या गरजेची आणि शेवटपर्यंत जाणारी होती. महाराष्ट्राला यासाठी अधिक काळ लागला. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. त्यासाठीही पंधरा रुपयेच शुल्क ठेवण्यात आले.

या एका सेवेमागचे काम किती होते, याचा विसर पडता कामा नये. संगणकावरील आणि हस्तलिखित सातबाऱ्यांतील फरक काढण्यासाठी तलाठ्यांना नोंदी पुन्हा तपासाव्या लागल्या. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले. लोकांनी चुका दाखवल्या, त्या दुरुस्त करण्यात आल्या. मगच ऑनलाइन उताऱ्याला कायदेशीर किंमत आली. आज हा उतारा राहूतील शेतकरी मोबाइलवरून काढतो आणि बँक तो मान्य करते. तलाठ्याच्या सहीसाठी थांबावे लागत नाही. सेवा 'ऑनलाइन आहे' याचा खरा अर्थ हाच. अर्ज ऑनलाइन भरून पुढे कागद घेऊन कार्यालयात जावे लागत असेल, तर ती सेवा ऑनलाइन नसते. रांग तेवढी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेलेली असते.

केंद्रचालकाचे गणित

मग प्रत्येक सेवा अशी नेमकी का ठेवली जात नाही? याचे कारण केंद्रचालकाच्या जमाखर्चात आहे. केंद्र सरकारने २००६ मध्ये राष्ट्रीय ई-प्रशासन योजनेखाली एक लाख सेवा केंद्रांना मान्यता दिली. २००९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि २०१५ मध्ये प्रत्येक ग्रामपंचायतीत किमान एक केंद्र असे उद्दिष्ट ठरले. केंद्र चालवणारा हा सरकारी नोकर नसतो. जागेचे भाडे, वीज, इंटरनेट, छपाई यंत्र हे सर्व त्याला मिळणाऱ्या दलालीतून भागवायचे असते. एका गावात महिन्याला उत्पन्नाचे किंवा रहिवासाचे दाखले असे किती निघणार? दहावी-बारावीच्या निकालानंतर काही आठवडे गर्दी, बाकी वर्ष शांतता. त्यामुळे विजेचे बिल, पॅन कार्ड, रेल्वे तिकीट, विमा, पैसे काढणे-भरणे असे एकेक काम जोडले जाते.

ग्रामपंचायतींतील केंद्रांची कथा थोडी वेगळी, पण निष्कर्ष तोच. २०११ मध्ये सुरू झालेला 'संग्राम' प्रकल्प २०१५ अखेर संपला आणि 'आपले सरकार सेवा केंद्र' ही व्यवस्था आली. या व्यवस्थेत प्रत्येक केंद्रासाठी ग्रामपंचायतीच्या निधीतून महिन्याला १२ हजार ३३१ रुपये दिले जात होते. संगणक परिचालकाच्या हाती मात्र त्यापेक्षा बरीच कमी रक्कम पडत होती आणि तीही वेळेवर मिळत नसल्याने राज्यभर आंदोलने झाली. ज्याच्या भरवशावर शेकडो सेवांची घोषणा होते, त्याच्याच वेतनाची शाश्वती नव्हती. अशा माणसाने अन्न परवान्याचे नियम, कर नोंदणीची कलमे आणि विम्याच्या अटी यांत सारखेच पारंगत व्हावे, ही अपेक्षा ठेवणे कितपत योग्य?

एक रुपयाचा विमा

व्याप्ती आणि मोबदला यांचा मेळ चुकला, तर काय होते, हे पीक विम्याने दाखवून दिले. राज्याने २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा सुरू केला. त्या हंगामात अर्जांची संख्या सुमारे एक कोटी ७० लाखांवर गेली. सेवा केंद्रांना प्रत्येक अर्जामागे विमा कंपनीकडून ४० रुपये मिळत. शेतकऱ्याने द्यायचा एक रुपया आणि केंद्राला मिळायचे चाळीस, अशी ही रचना होती. पुढे लाखो अर्ज बनावट असल्याचे तपासणीत आढळले. कुठे दुसऱ्याच्या, कुठे सरकारी किंवा देवस्थानाच्या जमिनीवर विमा उतरवला गेला होता. काही केंद्रांवर कारवाई झाली. अखेर २०२५ मध्ये ही योजना बंद होऊन शेतकऱ्याचा हिस्सा खरिपासाठी दोन टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी पाच टक्के असा पूर्ववत झाला.

सर्वच केंद्रचालकांना यात दोषी धरणे अन्यायाचे होईल. बहुसंख्य केंद्रांनी रात्री जागून, सर्व्हर बंद पडत असताना अर्ज भरले, हेही खरे आहे. दोष रचनेत होता. अर्ज खरा की खोटा, याच्याशी मोबदल्याचा संबंध नव्हता. जमिनीच्या आणि पिकाच्या नोंदीशी अर्ज ताडून पाहण्याची व्यवस्था पुरेशी घट्ट नव्हती. सेवा व्यासपीठावर आली, परंतु तिची पडताळणी आणि जबाबदारी बाहेरच राहिली. त्याची झळ प्रामाणिक शेतकऱ्यालाच बसली. स्वस्त विमा गेला आणि वर संशयही त्याच्यावर आला.

आधारच्या बाबतीत सरकारने हा धोका आधी ओळखला होता. २०१८ च्या सुमारास आधारचे काम सामाईक सेवा केंद्रांकडून काढून घेण्यात आले. एप्रिल २०२० मध्ये ते परत देताना, बँकिंग सेवा देणाऱ्या सुमारे वीस हजार केंद्रांपुरतेच आणि केवळ माहितीच्या दुरुस्तीसाठी देण्यात आले. सेवा कमी करूनही व्यवस्था सुधारता येते, याचे हे उदाहरण.

मोठ्या कंपन्यांनाही तोच प्रश्न

हा पेच केवळ सरकारी केंद्रांपुरता मर्यादित नाही. शहरी वाचकांच्या परिचयाची 'पेटीएम' मोबाइल रिचार्जपासून बँक, फास्टॅग, सिनेमाची तिकिटे आणि कर्जापर्यंत पसरली. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्या पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि एका अंगाच्या दुखण्याचा परिणाम साऱ्या व्यवसायावर झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने सिनेमा आणि कार्यक्रमांच्या तिकिटांचा व्यवसाय 'झोमॅटो'ला २ हजार ४८ कोटी रुपयांना विकला. भांडवल आणि मनुष्यबळ असलेल्या कंपनीलाही सर्व आघाड्या एकाच वेळी सांभाळणे जड गेले.

छोट्या व्यवसायांना नोंदणी, कर विवरणपत्रे, हिशेब आणि कायदेशीर कागद पुरवणाऱ्या अनेक ऑनलाइन कंपन्याही याच वळणावर उभ्या आहेत. त्यांच्या पानावर पन्नास सेवांची नावे असतात, परंतु त्यातील बरीच कामे बाहेरच्या सनदी लेखापालाकडे किंवा एजंटाकडे सोपवली जातात. ग्राहकाला मात्र आपण एकाच कंपनीशी व्यवहार करतो आहोत, असे वाटते. 'उद्यम' नोंदणी तर मुळात विनामूल्य आहे. तरीही सरकारी वाटेल अशा नावांची संकेतस्थळे त्यासाठी पैसे घेतात आणि अधिकृत संकेतस्थळ वगळता अन्यत्र नोंदणी करू नये, असे केंद्रीय मंत्रालयाला वारंवार सांगावे लागते. जेथे मूळ सेवा साधी आणि फुकट आहे, तेथे मध्यस्थाच्या रुंद यादीतून ग्राहकाला खर्च तेवढा वाढवून मिळतो.

निकष कोणते?

या अनुभवांतून सेवा वाढवायची की नाही, हे ठरवण्यासाठी चार प्रश्न पुढे येतात.

पहिला, सेवा तेथेच पूर्ण होते का? सातबारा पूर्ण होतो. अन्न परवान्याचा अर्ज पूर्ण होत नाही, कारण पुढे तपासणी किंवा त्रुटीची पूर्तता असू शकते. अशा सेवेत अर्ज भरून देणे एवढेच केंद्राचे काम असेल, तर तसे फलकावर स्पष्ट लिहिले पाहिजे. 'परवाना मिळेल' आणि 'परवान्याचा अर्ज भरून मिळेल' या दोन वाक्यांतील अंतरात लोकांचे पैसे आणि हंगाम वाया जातात.

दुसरा, चुकले तर उत्तर कोण देणार? २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांसाठी कालमर्यादा, अपील आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद केली. ही तरतूद सरकारी सेवांना लागू आहे. त्याच टेबलावर विकला जाणारा विमा, कर्ज किंवा खासगी सेवा तिच्या कक्षेत येत नाहीत. टेबल एक असले, तरी कायद्याचे छत्र निम्म्या टेबलावरच आहे. ज्या सेवेसाठी तक्रारीची वाट आखलेली नाही, ती यादीत घेऊ नये.

तिसरा, मोबदला कशाचा? अर्जांच्या संख्येवर पैसे दिले, की अर्जांचीच संख्या वाढते. पडताळणीत टिकलेल्या अर्जावर मोबदला ठेवला, तर केंद्रचालकही कागद काळजीपूर्वक पाहील. याबरोबरच कमी मागणी असलेल्या, पण आवश्यक सेवांसाठी त्याला ठरावीक मानधन द्यावे लागेल. अन्यथा पोटासाठी तो नको त्या सेवा जोडत राहणार.

चौथा, एका सेवेसाठी दिलेला कागद दुसऱ्या सेवेसाठी वापरला जातो का? दाखल्यासाठी आलेल्या माणसाला "हा विमाही घ्यावा लागतो" असे वाटले, तर ती सोय राहत नाही, सक्ती होते. २०२३ च्या व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने संमतीचे तत्त्व मान्य केले आहे. सरकारी दाखले आणि आर्थिक उत्पादनांची विक्री यांत निदान पावती, फलक आणि संमतीपत्र वेगळे असणे हे त्याचे किमान पालन ठरेल.

खिडकी रुंद, जबाबदारी नेमकी

थोडक्यात, 'रुंद की अरुंद' हा वाद चुकीच्या जागी घातला जातो. लोकांसमोरची खिडकी रुंद असायला हरकत नाही. राहूसारख्या गावात ती रुंदच असावी लागेल, कारण एका सेवेवर केंद्र जगत नाही आणि पाच कामांसाठी पाच गावे फिरणे शेतकऱ्याला परवडत नाही. परंतु खिडकीमागची प्रत्येक सेवा स्वतंत्र, पुरती आणि धनी असलेली हवी. उसाच्या वजनामागे कारखाना, सातबाऱ्यामागे महसूल विभाग, तसा प्रत्येक सेवेमागे नाव घेऊन दाखवता येईल असा जबाबदार विभाग असेल, तर यादी पाचशेची होवो की हजाराची, बिघडत नाही. असा धनी नसेल, तर पन्नास सेवाही जास्तच.

व्यवसायांच्या बाबतीत तर याहून एक पाऊल पुढे जाता येईल. विभागांच्या नावांनी यादी करण्याऐवजी व्यवसायाच्या नावाने ती करता येईल. गूळ उत्पादकाला 'अन्न व औषध प्रशासन', 'वैधमापन', 'कर' अशी पाच दारे दाखवण्याऐवजी 'सुटा गूळ विकायचा आहे की पिशवीबंद?' एवढे विचारले आणि त्यानुसार लागणारे तीन-चार कागद, त्यांचा क्रम, शुल्क आणि मुदत सांगितली, तर खरी एक खिडकी तयार होईल. 'मैत्री'सारखी व्यवस्था मोठ्या गुंतवणूकदारासाठी ज्या कल्पनेवर उभी राहिली, तीच कल्पना गुऱ्हाळाच्या पातळीवर आणणे तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अवघड नाही. त्यासाठी विभागांनी आपापल्या नोंदी आधी नीट करायच्या आणि एकमेकांच्या नोंदी मान्य करायच्या, हे मात्र कष्टाचे काम आहे. सातबाऱ्यासाठी चावडी वाचन करावे लागले, तसे ते करावे लागेल.

व्हॉट्सअ‍ॅपवरील सेवांचा आकडा सरकारने जरूर वाढवावा. त्याबरोबर आणखी एक आकडा दरवर्षी जाहीर करावा. त्यातील किती सेवा अर्जदाराला पुन्हा कार्यालयात न जाता, मुदतीत आणि बिनचूक मिळाल्या? राहू बेटातील गुऱ्हाळ चालवणाऱ्यासाठी पहिल्यापेक्षा हा दुसरा आकडाच महत्त्वाचा आहे. सेवांची व्याप्ती किती असावी, हेही त्यावरूनच ठरायला हवे.